पेटींतला कागद आणि यादींतली ओळ

(खेड्यांतील एका वाचनालयाच्या वार्षिक समारंभांत झालेल्या भाषणाचा मजकूर.)



खळ्यावरचें काम टाकून आपण येथें आलां, तेव्हां आपला वेळ फुकट जाऊं नये एवढी जबाबदारी आम्हांवर आहे. आजचा विषय ऐकून कित्येकांच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. इंग्लंडांतील जुन्या पत्रांचे संग्रह आणि त्यांच्या याद्या! विलायतेंतल्या मेलेल्या माणसांच्या चिठ्ठ्यांशीं नांगर धरणाराला किंवा वाकस चालविणाराला काय कर्तव्य आहे? ह्या प्रश्नाचें उत्तर आम्ही शेवटीं देऊं. आधीं आमच्या घरचीच एक गोष्ट सांगतों.

आमच्या आजोबांची एक सागवानी पेटी होती. तींत वाटणीचा कागद होता, सावकाराच्या फेडीच्या पावत्या होत्या, आणि आजोबांच्या धाकट्या भावानें पहिल्या महायुद्धांत मेसोपोटेमियांतून धाडलेलीं पत्रें होतीं. एका दिवाळीस घर सारवतांना बियाणें ठेवावयास पेटी हवी झाली, म्हणून आंतले कागद न्हाणीच्या चुलींत गेले. ह्यांत कोणाचा गुन्हा नव्हता. घरांत वाचणारें कोणी नव्हतें, आणि न वाचतां येणारा कागद म्हणजे जळण. पुढें बांधाचा तंटा निघाला, तेव्हां कचेरींत वाटणीचा कागद मागितला आणि आम्ही हात हालवीत परत आलों. बांध गेला तो गेलाच. त्याचें दुःख चार पावसाळ्यांत निवालें. परंतु आमच्या कुळांतला जो पहिला माणूस समुद्रापार गेला, तो तेथें काय खात होता, कोणाची आठवण काढीत होता, हें आतां कोणासही सांगतां येणार नाहीं. कागद जाळला म्हणजे शेत जातें हें सर्वांस कळतें. माणूसही जातो, हें मात्र उशीरा कळतें.

आतां विलायतेकडे वळूं. इंग्लंडाच्या पूर्वेस नॉरफोक परगण्यांत पॅस्टन नांवाचें खेडें आहे. तेथें क्लेमंट पॅस्टन नांवाचा कुळवाडी रहात असे. तो १४१९ सालीं वारला. उन्हाळा असो कीं हिंवाळा असो, तो स्वतः नांगर धरी. खोगीर न घालतां घोड्यावर धान्याचें पोतें टाकून त्यावरच बसून गिरणीस जाई आणि पीठ घेऊन तसाच परत येई. त्यानें उसने पैसे काढून आपल्या विल्यम नांवाच्या मुलास शाळेंत घातलें. तो मुलगा कायदा शिकला आणि १४२९ सालीं राजाच्या मोठ्या न्यायालयांत न्यायाधीश झाला.

ही हकीकत क्लेमंटच्या चाहत्यानें लिहून ठेविलेली नाहीं. पॅस्टन घराण्यानें जमिनी घेतल्या, मान मिळविला, तेव्हां वैऱ्यांच्या पोटांत दुखूं लागलें. हे लोक मूळचे बांधील कुळें आहेत, ह्यांना जमिनीचा हक्कच नाहीं, असें ठरविण्यासाठीं वैऱ्यानें ही कुळकथा लिहिली. नांगर धरणें ही त्याच्या मतें शिवी होती! पॅस्टन मंडळींनीं राजापुढें आपलीं कागदपत्रें मांडलीं, आणि १४६६ सालीं राजा चौथा एडवर्ड ह्यानें त्यांस कुलीन म्हणून मान्य केलें. ज्याच्याजवळ कागद त्याचें कूळ, हा न्याय तेथेंही होता. आज मात्र तो शिवीचा कागदच त्या कष्टाळू शेतकऱ्याचें एकुलतें एक चित्र होऊन बसला आहे, आणि तें वाचून कोणासही त्याचा आदरच वाटतो.

ह्या घराण्यांत १४२२ पासून १५०९ पर्यंत जीं पत्रें व कागद जमले त्यांची संख्या हजाराच्या घरांत आहे. त्यांत राजकारण आहे, पण घरही आहे. मार्गारेट पॅस्टन नांवाच्या सुनेनें १४४८ सालीं नवऱ्याला लंडनास पत्र लिहविलें. एका सरदारानें त्यांचें गांव बळकाविलें होतें आणि ती त्याच गांवांत तळ देऊन होती. ती लिहिते कीं धनुष्यें धाडा, बाण धाडा, परशू धाडा; आणि त्याच पत्रांत रत्तलभर बदाम व रत्तलभर साखरही मागते. तिच्या पत्रांत निरनिराळ्या माणसांचीं अक्षरें आहेत. ती सांगे आणि कारकून लिही. म्हणजे बाई स्वतः लिहीत नव्हती, तरी तिचा शब्द उरला. आपल्या आयाबायांनीं हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां हीं पत्रें आपणांपर्यंत कशीं आलीं तें ऐका, कारण खरी गोष्ट तीच आहे. घराणें वाढत वाढत अर्ल ह्या पदवीस गेलें आणि शेवटचा अर्ल १७३२ सालीं कर्जांत बुडून वारला. १७३५ सालीं ब्लूमफील्ड नांवाचा एक पाद्री त्यांच्या ओस पडत चाललेल्या वाड्यांत कागद पहावयास गेला. त्यानें सुट्या पत्रांचा ढीग एका कोपऱ्यांत रचला. तो कित्येक पोतीं भरेल एवढा होता. पुढें कांहीं कागद त्याच्याकडे, त्याच्या मागून मार्टिन नांवाच्या संग्राहकाकडे, मग एका औषधविक्याकडे, आणि तो १७७४ सालीं वारल्यावर जॉन फेन नांवाच्या गृहस्थाकडे आले. फेननें १७८७ सालीं त्यांचे दोन भाग छापले. एका पानावर मूळ जुनी भाषा जशीच्या तशी आणि समोरच्या पानावर चालू भाषा, अशी त्याची रीत होती. त्यानें मूळ पत्रें राजास नजर केलीं, राजानें त्यास सरदारकी दिली, आणि मूळ पत्रें नाहींशीं झालीं!

कागद डोळ्यांपुढें नसला म्हणजे शंकेखोरांस रान मोकळें. १८६५ सालीं एका विद्वानानें छापून विचारलें कीं, हीं पत्रें खरीं तरी आहेत काय? फेनच्या पुस्तकाच्या शेवटच्या भागाचीं मूळ पत्रें त्याच सालीं हातीं लागलीं, तिसऱ्या-चौथ्या भागांचीं १८७५ सालीं सांपडलीं. हीं सारीं फेनच्या बायकोच्या माहेरच्या मंडळींकडे होतीं. आणि राजास दिलेलीं पत्रें १८८९ सालीं सफोक परगण्यांतल्या एका मोठ्या वाड्यांत निघालीं. पंतप्रधान पिट ह्यांच्या गुरूच्या, म्हणजे एका बिशपच्या, कुटुंबाचा तो वाडा होता. एकशें दोन वर्षें तीं पत्रें कोठें आहेत हें जगास ठाऊक नव्हतें. तीं हरवलीं नव्हतीं, जळालीं नव्हतीं, कपाटांतच होतीं. फक्त कोणत्या कपाटांत, ही एक ओळ कोठें लिहिलेली नव्हती. आज तीं लंडनच्या ब्रिटिश लायब्ररींत आहेत. मार्जरी ब्रूज नांवाच्या मुलीनें आपल्या होणाऱ्या नवऱ्यास १४७७ च्या फेब्रुवारींत धाडलेलें प्रेमाचें पत्र त्यांतच आहे. त्याच्या बाडाचा क्रमांक ४३४९०. क्रमांक सांगा, पत्र पुढें येतें. पूर्वीं शंभर वर्षें जें झालें नाहीं तें आतां एका आंकड्यानें होतें.

यादीचें महत्त्व सांगणारी दुसरी गोष्ट आगीची आहे. सर रॉबर्ट कॉटन नांवाच्या गृहस्थानें जुनीं हस्तलिखितें जमविलीं होतीं. त्याच्या कपाटांवर रोमन बादशहांचे अर्धे पुतळे असत; विटेलियसच्या कपाटांतली पहिली फळी, त्यावरचें पंधरावें पुस्तक, अशी खूण. ह्या संग्रहाची छापील यादी १६९६ सालीं झाली. १७३१ सालच्या २३ ऑक्टोबरच्या रात्रीं त्या इमारतीस आग लागली आणि लोकांनीं पुस्तकें खिडक्यांतून बाहेर फेंकलीं. पुढें मोजदाद झाली तेव्हां ९५८ बाडांपैकीं ११४ नष्ट व ९८ बिघडलेलीं निघालीं. हा हिशेब देतां आला तो यादी आधीं केलेली होती म्हणून. ज्या घरांत यादी नाहीं, त्या घराला आपलें काय जळालें हेंही कळत नाहीं. ते पुतळे व तीं कपाटें आतां नाहींत, परंतु पुस्तकें अजून त्याच बादशहांच्या नांवांनीं मागवितात.

हें जुनें झालें म्हणाल, तर कालपरवांचें ऐका. २०२३ च्या ऑक्टोबरांत त्याच ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर चोरट्यांनीं हल्ला केला. एकही हस्तलिखित जाग्यावरून हाललें नाहीं. परंतु संगणकावरची सूची बंद पडली आणि अभ्यासकांस कित्येक महिने हात बांधून बसावें लागलें. कोठार भरलेलें, आणि किल्ली हरवलेली!

आतां विचार करा कीं यादी करावयास निघालेला माणूस पहिल्यानें कोणाच्या दारीं जातो. इंग्लंडांत १८६९ सालीं व्हिक्टोरिया राणीच्या हुकुमानें ऐतिहासिक हस्तलिखितांचें एक कमिशन नेमलें. त्याचे तपासनीस घरोघर जाऊन कागद पहात, टाचणें करीत, अहवाल छापीत. जमीनदार बिचकूं नयेत म्हणून मालकी हक्काचे कागद उघड करणार नाहीं, असें वचनही कमिशननें दिलें होतें. काम मोठें झालें, ह्यांत संशय नाहीं. परंतु तपासनीस गेले ते सरदारांच्या वाड्यांत, शहरांच्या कचेऱ्यांत आणि मोठमोठ्या चर्चांत. विणकराच्या खोपटांत डोकावावें असें त्या काळीं कोणाच्या ध्यानींमनीं नव्हतें. तेथें काय सांपडणार, अशी सर्वांचीच समजूत.

बंधुहो, ती समजूत खोटी ठरली, आणि कशी खोटी ठरली हें सांगण्यासाठींच आम्ही आज उभे आहों.

इंग्लंडांत १६०१ सालच्या कायद्यानें प्रत्येक गांवानें आपल्या गरिबांस पोसावें असें ठरलें होतें. त्यासाठीं गांवकऱ्यांवर पट्टी बसे आणि ओव्हरसियर नांवाचा गांवकामगार ती वाटी. परंतु मदत मिळे ती माणसाच्या हक्काच्या गांवाकडून. मग तो हक्क जन्मानें आलेला असो, उमेदवारीनें असो, कीं वर्षभर चाकरी केल्यानें असो. कामासाठीं लंडनास गेलेला विणकर आजारी पडला, चांभाराचें काम बसलें, विधवेच्या पोरांस जोडे उरले नाहींत, कीं ते आपल्या मूळ गांवच्या ओव्हरसियरास पत्र लिहीत. भाडें थकलें आहे. हत्यारें गहाण पडलीं आहेत. मूल तापानें पडलें आहे. आणि पुष्कळ पत्रांत शेवटीं एक मेख असे: मदत धाडणार नसाल तर आम्ही सर्व कुटुंब घेऊन गांवींच येतों, मग आम्हांस पोसण्याचा खर्च ह्याहून जास्त होईल तो तुमचा तुम्ही पहा! ही भीक नव्हे. हा हक्क ओळखणाऱ्या माणसाचा हिशेब आहे.

हीं पत्रें कोणी प्रेमानें जपलीं नाहींत. ओव्हरसियरास पैशाचा जाब द्यावा लागे, म्हणून तीं पावत्यांच्या गठ्ठ्यांत राहिलीं आणि गांवच्या चर्चमधल्या पेटींत पडलीं. पुढें परगण्यापरगण्यांत दप्तरखानीं निघालीं. बेडफर्डशरचें पहिलें १९१३ सालीं, एसेक्सचें १९३८ सालीं. दुसऱ्या महायुद्धांत रद्दी गोळा करण्याच्या धामधुमींत पुष्कळ जुने कागद लगद्यांत गेले, तेव्हां लोकांचे डोळे उघडले आणि १९४५ सालीं सर्व देशांतल्या कागदपत्रांची नोंदवही सुरू झाली. चर्चच्या पेट्यांतलीं बाडें हळूहळू दप्तरखान्यांत आलीं, आणि कारकुनांनीं तीं उलगडलीं. २००१ सालीं थॉमस सोकोल ह्या अभ्यासकानें एकट्या एसेक्स परगण्यांतलीं अशीं ७५८ पत्रें छापून काढलीं. तीं १७३१ ते १८३७ ह्या काळांतलीं आहेत.

सोकोलनें त्या पत्रांचें शुद्धलेखन सुधारलें नाहीं. गरिबानें जसा शब्द तोंडानें उच्चारला तसा कागदावर उतरविला, आणि तो तसाच छापला गेला. ह्यामुळें दोन गोष्टी सिद्ध झाल्या. पहिली, अडाणी म्हणून ज्यांची गणना होई, त्यांच्यापैकीं पुष्कळांस लिहितां येत होतें किंवा लिहवून घेतां येत होतें. दुसरी, ज्या बोलीला पंडित अशुद्ध म्हणत, ती बोलीच आज भाषेच्या अभ्यासकांस सोन्याच्या मोलाची झाली आहे. कोणी ते शब्द ‘शुद्ध’ करून ठेवले असते, तर विणकराची जीभच कापली गेली असती.

१८३४ नंतर नवा कायदा आला आणि गरिबांच्या तक्रारी थेट लंडनच्या वरिष्ठांकडे जाऊं लागल्या. ते कागद आज लंडनांतील क्यू येथील राष्ट्रीय दप्तरखान्यांत आहेत. बाडें १६,००० हून अधिक! यादींत पुष्कळशा बाडांपुढें केवळ तालुक्याचें नांव आणि साल. आंत कोणती बाई रडते आहे, कोणता म्हातारा भांडतो आहे, हें बाहेरून कळावें कसें? मग स्वयंसेवक पुढें आले. पेन्शनीत निघालेले, घरीं बसणारे अशा साध्या माणसांनीं एकेक पत्र वाचून त्याची नक्कल केली, एकेक ओळीचा सारांश लिहिला. ज्या माणसांचें नांव त्यांच्या थडग्यावरही नाहीं, त्यांचीं नांवें आतां यादींत आलीं.

ह्या कामाची रीत अवघड नाहीं. पहिला नियम असा कीं, आलेला रुमाल मोडूं नये. कोणता कागद कोणत्या कागदाशेजारीं बांधला होता, हीसुद्धां साक्ष असते. दुसरा नियम, आंकडा घालावयाचा तो शिसपेन्सिलीनें, पानाच्या कोपऱ्यांत. शाईनें कधीं नाहीं. गंजलेल्या टाचण्या काढून टाकाव्या. डिंक व चिकटपट्टी कागदास लावूं नये. मग चार गोष्टी लिहावयाच्या: कोणीं लिहिलें, कोणास लिहिलें, कोठून व केव्हां लिहिलें, आणि आंत काय आहे. तारखेची मात्र गंमत असते. पॅस्टन मंडळी तारीख न घालतां अमक्या संताच्या सणाच्या दुसऱ्या दिवशीं असें लिहीत, जसे आपले म्हातारे बेंदराच्या आदल्या दिवशीं म्हणून सांगतात. शिवाय इंग्लंडांत पूर्वीं नवें वर्ष २५ मार्चला लागे. तें १७५२ पासून जानेवारींत आलें. म्हणून मार्जरीचें तें पत्र तिच्या हिशेबीं १४७६ चें आणि आपल्या हिशेबीं १४७७ चें. यादी करणारानें दोन्ही सालें लिहावीं, नाहींतर बाप मुलाहून धाकटा ठरावयाचा!

आतां आपल्याकडे या. शिवाजी महाराजांविषयीं सुरतेच्या व राजापूरच्या इंग्रज वखारवाल्यांनीं लिहिलेलीं पत्रें आज इतिहासाचें मोठें साधन झालीं आहेत. १९३१ सालीं पुण्यास त्यांचा संग्रहही छापला गेला. वखारवाले महाराजांचे मित्र नव्हते. परंतु आलेल्या-गेलेल्या पत्राची नक्कल ठेवण्याची त्यांना शिस्त होती, म्हणून त्यांचें म्हणणें उरलें. त्याच मोहिमांत भाला घेऊन धांवलेल्या मावळ्याच्या घरचें म्हणणें कोठें आहे? परक्याच्या वहींत आपण सांपडतों, आपल्या वहींत नाहीं.

आणखी एक उदाहरण. पहिल्या महायुद्धांत हिंदी शिपाई फ्रान्सांत लढत होते. ते बहुतेक शेतकऱ्यांचे पोर. त्यांचीं उर्दू, गुरुमुखी, हिंदी पत्रें सरकारी तपासनीस वाचीत आणि त्यांतले उतारे इंग्रजींत करून वरिष्ठांस धाडीत. मूळ पत्रें घरोघर गेलीं आणि बहुतेक नाहींशीं झालीं. ते इंग्रजी उतारे मात्र लंडनांत क्रमवार लागलेले आहेत, आणि १९९९ सालीं त्यांतल्या निवडक उताऱ्यांचें पुस्तकही निघालें. शिपायानें आईला काय लिहिलें, हें त्याच्या नातवंडांना आतां पाळत ठेवणाराच्या टाचणावरून वाचावें लागतें. ह्याहून अधिक काय सांगावें!

आरंभीं विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर हेंच. क्लेमंट पॅस्टनचा नांगर आपणांस दिसतो तो त्याच्या वैऱ्यानें लिहिलें म्हणून. एसेक्सच्या विणकराचा शब्द ऐकूं येतो तो त्यानें स्वतः लिहिलें आणि गांवच्या पेटीनें सांभाळलें म्हणून. आपल्या नातवंडांनीं आपणांस कोणाच्या तोंडून ओळखावें, हें आपण आज पेटीचें काय करतों ह्यावर आहे.

म्हणून आमची विनंति एवढीच. ह्या दिवाळीस घर सारवतांना पेटी उघडाल तेव्हां कागद चुलींत घालूं नका. मुंबईच्या गिरणींतून बापानें धाडलेलें कार्ड असो, पलटणींतलें पत्र असो, वाटणीची चिठ्ठी असो, सुताराच्या बलुत्याचा हिशेब असो. तो जसा आहे तसा राहूं द्या. शाळेंत जाणाऱ्या मुलीला एक वही द्या. तिनें शिसपेन्सिलीनें आंकडे घालावे आणि प्रत्येक कागदापुढें एक ओळ लिहावी. म्हातारीला विचारून, पत्र धाडणारा कोण होता तेंही लिहावें. कारण म्हातारी गेल्यावर तें सांगणारें कोणी नाहीं. त्या वहीची एक नक्कल ह्या वाचनालयांत आणून द्यावी. कागद मात्र आपल्याच घरीं राहूं द्यावे.

आमच्या चुलत आजोबांचीं पत्रें आतां कशानेंही परत यावयाचीं नाहींत. आम्हीं आपल्या वहींत पहिली ओळ लिहिली आहे ती त्यांचीच: मेसोपोटेमियांतून आलेलीं पत्रें, संख्या माहीत नाहीं, जळालीं. आपल्या वहींतली पहिली ओळ ह्याहून बरी असावी, एवढीच इच्छा करून आम्ही आपली रजा घेतों.